मुलगा जर्मनीला चाललाय, ब्रुनोचा पट्टा आता कोण धरणार?

पत्र मोठं आहे, नाव-गाव काढून थोडक्यात सांगते. लिहिणाऱ्या ताई ५३ वर्षांच्या, पुण्यात एका सोसायटीत चौथ्या मजल्यावर राहतात, बँकेत नोकरी, घरी मिस्टर आणि २४ वर्षांचा मुलगा. दोन वर्षांपूर्वी मुलाने घरात कोणाला न विचारता 'अमेरिकन बुली' म्हणून पिल्लू आणलं, विकणाऱ्याने पिटबुलचंही रक्त आहे असं कौतुकाने सांगितलं होतं, कान आधीच कापलेले. आज ब्रुनो ३२ किलोचा आहे. मागच्या महिन्यात मुलगा त्याला लिफ्टने खाली नेत होता, दुसऱ्या मजल्यावर दार उघडलं, शेजारचा नऊ वर्षांचा मुलगा बॅट घेऊन आत शिरला आणि ब्रुनोने झेप घेतली. बाही फाटली, दंडाला दोन दात लागले, टाके पडले नाहीत पण इंजेक्शनं चालू आहेत. सोसायटीने ठराव केला की पंधरा दिवसांत कुत्रा बाहेर. मुलगा म्हणतो तो बॅट बघून घाबरला, कुत्रा वाईट नसतो, मालक वाईट असतो. मिस्टर म्हणतात वाईजवळ भावाच्या पोल्ट्रीवर सोडून येऊ, राखणीला होईल. त्यात मुलगा सप्टेंबरमध्ये जर्मनीला एमएस करायला चाललाय, 'सेटल झालो की ब्रुनोला घेऊन जाईन' म्हणतो. ताई लिहितात, "रोज रात्री तो माझ्या पायावर डोकं ठेवून झोपतो. काढला तर मुलगा दुरावेल, ठेवला आणि उद्या काही झालं तर मी स्वतःला माफ करू शकणार नाही. काय करू?"

ताई,

आधी त्या लहान मुलाबद्दल बोलू, कारण तुमच्या पत्रात त्याच्यावर दीड ओळ आहे आणि ब्रुनोवर चार पानं. यात तुम्हाला दोष देत नाहीये, आपलं जे असतं त्याचीच काळजी आधी डोळ्यापुढे येते. पण त्या पोराला रोज त्याच लिफ्टने शाळेत जायचंय, आणि त्याची आई आता प्रत्येक वेळी दार उघडताना आधी स्वतः आत डोकावत असणार. गेला नसाल तर आजच संध्याकाळी त्यांच्याकडे जा, तुम्ही, मिस्टर आणि मुलगा तिघंही, आणि बॅटचा विषय काढायचा नाही. एक अक्षरही नाही. ब्रुनोचं रेबीज लसीचं कार्ड दाखवा, दवाखान्याचा सगळा खर्च द्या, इंजेक्शनाच्या तारखा लिहून घ्या (चावल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी असा कोर्स असतो, डॉक्टरांनी जो दिलाय तो पूर्ण झाला पाहिजे, घरचा लस दिलेला कुत्रा आहे म्हणून अर्ध्यात सोडायचा नाही). इतर वाचकांसाठीही सांगते, कुत्रा चावला की पहिल्यांदा वाहत्या नळाखाली साबणाने पंधरा मिनिटं जखम धुवायची, घड्याळ लावून, आणि मग थेट डॉक्टर. हळद, चुना, तिखट यातलं काहीही लावायचं नाही, आपल्याकडे अजूनही लावतात.

आता बॅट. सोसायटीत नऊ वर्षांचा मुलगा बॅट घेऊन लिफ्टमध्ये येणारच. उद्या कोणी छत्री घेऊन येईल, कोणी काठी टेकत येईल, डिलिव्हरीवाला हेल्मेट घालून येईल. यातलं काहीही बघून जो कुत्रा झेप घेतो तो त्या चार बाय चारच्या डब्यात मोकळ्या तोंडाने असायलाच नको होता, हे ठरवायचं काम ब्रुनोचं नव्हतं, पट्टा ज्याच्या हातात होता त्याचं होतं. म्हणजे बघा, 'मालक वाईट असतो' हे तुमच्या मुलाचं वाक्य मी खरं धरलं तर ते त्याच्यावरच येतं. तो वाईट आहे असं मी म्हणत नाहीये, पण हे वाक्य तो स्वतःला सोडवून घ्यायला वापरतोय आणि त्याचा अर्थ बरोबर उलटा आहे.

तुम्ही लिहिलंय की ब्रुनोने आजवर कधीच काही केलं नव्हतं. मला वाटतं केलं असणार, फक्त घरात कोणाला ते वाचता आलं नाही. कुत्रा एकदम चावत नाही सहसा, आधी बराच वेळ सांगत असतो. अंग लाकडासारखं ताठ होतं, शेपूट हलायची थांबते किंवा वर ताठ होऊन अगदी बारीक थरथरते, तोंड बंद होतं, मान दुसरीकडे आणि डोळे मात्र तिरके इकडेच, बुबुळाच्या कडेचा पांढरा भाग दिसतो, भूक नसताना जीभ ओठांवरून फिरते, झोप नसताना जांभई येते, मग गुरगुर. तुम्हीच एके ठिकाणी सहज लिहून गेलात की गेल्या दिवाळीत तो वॉचमनवर गुरगुरला आणि मुलाने त्याला तोंडावर फटका दिला, तेव्हापासून तो गुरगुरत नाही, 'सुधारला'. ताई, तो सुधारला नाही, त्याची घंटा काढून घेतली गेली. गुरगुर म्हणजे 'मला हे सहन होत नाहीये, लांब व्हा' एवढंच असतं, ते सांगितल्याबद्दल मार बसला की कुत्रा पुढच्या वेळी ती पायरी गाळतो आणि सरळ दाताने बोलतो. त्यात कान कापलेले. कुत्र्याचे कान मागे जातात, पडतात, ताठ होतात, त्यावरून माणसाला आणि दुसऱ्या कुत्र्यांनाही निम्मं कळतं, ते फॅशनपायी कोणीतरी ब्लेडने उडवले. म्हणजे लिफ्टमधल्या त्या पोराला वाचायला काहीच शिल्लक नव्हतं.

जातीबद्दलही विचारलंय तुम्ही, की ही जातच अशी असते का. सरळ उत्तर देते, एका वाक्यात मावणारं नाही. या सगळ्या बुली कुत्र्यांचे पूर्वज इंग्लंडातले, बैलावर कुत्रे सोडायचा खेळ असायचा तिकडे, १८३५ साली त्यावर कायद्याने बंदी आली, मग तेच कुत्रे टेरियर नावाच्या लहान, चपळ जातीच्या कुत्र्यांशी जुळवून आपापसात झुंजवायला लागले. निवड कशाची झाली, तर धरलं की न सोडण्याची, दुखलं तरी मागे न हटण्याची. जबडा 'लॉक' होतो हे खोटं आहे, तसं हाड-बिड काही नसतं, पण धरून झटके देत राहायची ओढ खरी असते. दुसऱ्या बाजूला हेही खरं की २०२२ मध्ये 'सायन्स' या जर्नलमध्ये १८ हजारांहून जास्त कुत्र्यांचा अभ्यास आला होता, त्यात एकेका कुत्र्याच्या स्वभावातला जेमतेम ९ टक्के फरक जातीवरून सांगता येतो असं निघालं. म्हणजे ब्रुनोची जात बघून तो चावेल की नाही हे मी सांगू शकत नाही. पण चावलाच तर काय होईल, ते सांगू शकते. ३२ किलोचा, रुंद जबड्याचा, सोडायला तयार नसलेला कुत्रा आणि दहा किलोचा स्पिट्झ, दोघांची चूक तीच असली तरी जखम एकसारखी होत नाही. मुंबईत २०१८ मध्ये वरळीच्या एका बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये कुत्रा शेजाऱ्याला चावला, तो हस्की होता, बुली नाही, आणि त्याच्या मालकाला मे २०२५ मध्ये कोर्टाने चार महिन्यांची शिक्षा दिली. कोर्टाने जात बघितली नाही, निष्काळजीपणा बघितला. आत्ताच्या भारतीय न्याय संहितेत कलम २९१ आहे त्यासाठी, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

'माझ्या पायावर डोकं ठेवून झोपतो' हे वाचून मला खरंच भरून आलं, आणि ते खोटं आहे असं मी म्हणणार नाही. तो तुमच्यावर प्रेम करतोच. पण तुमच्या पायावर झोपणारा कुत्रा लिफ्टमध्ये शिरणाऱ्या अनोळखी पोराशी कसा वागेल, याचा त्या प्रेमातून काहीच अंदाज येत नाही. आणि थोडं कठोर वाटेल पण लिहायलाच हवं, जुलै २०२२ मध्ये लखनौत ८२ वर्षांच्या एका निवृत्त शिक्षिकेचा जीव घरातल्याच पिटबुलने घेतला, कुत्रा मुलाचा होता आणि मुलगा त्या वेळी घरी नव्हता. ऑगस्ट २०२४ मध्ये गोव्यात हणजूणला सात वर्षांचा मुलगा पिटबुलच्याच हल्ल्यात गेला. मानखुर्दला २०२५ मध्ये उभ्या रिक्षात बसलेल्या ११ वर्षांच्या मुलाला पिटबुल चावला, त्याचा व्हिडिओ तुम्ही बघितला असेल, मालक तिथेच बसून हसत होता. तिन्ही ठिकाणी कुत्रा कोणाचा तरी लाडकाच होता.

म्हणून माझा प्रश्न वेगळा आहे. ब्रुनो चांगला की वाईट यावर तुमच्या घरात महिनाभर भांडण चाललंय, आणि सप्टेंबरनंतर त्याचा पट्टा कोणाच्या हातात असेल याबद्दल पूर्ण पत्रात कोणीच बोललेलं नाही. तुमचं वजन ५४ किलो, उजवा गुडघा दुखतो असं तुम्हीच लिहिलंय, मिस्टरांना बायपास झालीये. मुलगा आज त्याला दोन वेळा पळवून आणतो म्हणून तो घरात शांत झोपतो, ते पळवणं थांबलं की हा कुत्रा हाच राहणार नाही.

आणि जर्मनीचं. मुलगा तुम्हाला फसवतोय असं मला वाटत नाही, त्याने चौकशीच केलेली नसावी. जर्मनीत २००१ पासून कायदा आहे की पिटबुल टेरियर, अमेरिकन स्टॅफर्डशायर टेरियर, स्टॅफर्डशायर बुल टेरियर, बुल टेरियर आणि यांच्या संकरातले कुत्रे देशात राहायला आणताच येत नाहीत. शिवाय तिथल्या प्रत्येक राज्याची आपली वेगळी यादी असते. ज्याचा विकणारा स्वतः पिटबुलचं रक्त आहे म्हणून सांगतो असा कुत्रा तिथल्या विमानतळावर उतरवायचं स्वप्न आजच सोडा. इंग्लंडमध्येही हेच, पिटबुल १९९१ पासून बंद, आणि एक्सएल बुली (अमेरिकन बुलीचाच सगळ्यात मोठा प्रकार) सवलतीच्या सर्टिफिकेटशिवाय जवळ बाळगणं १ फेब्रुवारी २०२४ पासून गुन्हा. परदेशी जायचा विचार असलेल्या सगळ्याच मुला-मुलींनी पिल्लू घेण्याआधी हे बघावं, कुत्रा दहा-बारा वर्षं जगतो.

आता पोल्ट्री. मिस्टरांना ही सगळ्यात माणुसकीची वाट वाटतेय, मोकळी हवा, मोठी जागा. मी एकदा सासवड रोडला एका ओळखीच्यांच्या शेतावर असाच 'पाठवलेला' कुत्रा बघितलाय, पत्र्याच्या शेडखाली सहा फुटांच्या साखळीला बांधलेला, आणि साखळी जिथवर फिरते तेवढ्या गोलात गवताचं एक पातं नव्हतं, जमीन सारवल्यासारखी गुळगुळीत झालेली, गोलाच्या कडेला मात्र हिरवंगार. मधे उपडी पडलेली पाण्याची घमेली. आम्ही वीस फुटांवर होतो तरी तो साखळी संपेपर्यंत धावत यायचा आणि गळ्याला झटका बसून मागे पडायचा, परत उठायचा, परत यायचा. राखणीचा कुत्रा असाच 'तयार' होतो. तुमच्या ब्रुनोला माणसांत झोपायची सवय, तो सहा महिन्यांत असा होईल. कुत्र्याला असं कायम आखूड साखळीला जखडणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातही बसत नाही. आणि पोल्ट्रीवर कामगारांची कुटुंबं राहतात हो, त्यांची पोरं तिथेच शेडच्या बाजूला खेळतात. सोसायटीतल्या मुलासाठी निदान मीटिंग झाली, ठराव झाला. त्या पोरांसाठी ठराव कोण करणार? धोका तुमच्या लिफ्टमधून उचलून त्यांच्या अंगणात नेऊन ठेवायचा, याला मी तोडगा म्हणणार नाही.

सोसायटीच्या ठरावाचं म्हणाल तर ॲनिमल वेल्फेअर बोर्ड ऑफ इंडियाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सोसायटीला बहुमताने सुद्धा पाळीव कुत्रा काढायला लावता येत नाही, लिफ्ट बंद करता येत नाही, मझलची (तोंडाला बांधायच्या मुसक्याची) सक्तीही करता येत नाही. केंद्राने मार्च २०२४ मध्ये २३ जातींच्या आयात-विक्री-ब्रीडिंगवर बंदी घाला म्हणून राज्यांना पत्र पाठवलं होतं, ते एप्रिलमध्ये कर्नाटक हायकोर्टाने रद्द केलं आणि दिल्ली हायकोर्टात सरकारने आधी लोकांच्या हरकती ऐकू असं सांगितलं. मुलगा हे सगळं प्रिंट काढून सेक्रेटरींना द्यायच्या तयारीत आहे, असं तुम्ही लिहिलंय. त्याला थांबवा. कायदा त्याच्या बाजूने असेल, पण त्या पोराच्या दंडावरच्या दातांच्या जखमा अजून वाळल्या नाहीत. सोसायटीला उलट तुम्हीच लेखी द्या: आजपासून ब्रुनो लिफ्टने येणार नाही, जिन्यानेच, सकाळी सहाच्या आत आणि रात्री दहानंतर, सवय झाली की तोंडाला मझलही, दोन पट्टे, बरोबर मुलगा स्वतः, घरातलं दुसरं कोणी नाही. महापालिकेचा परवाना आणि लसीची कॉपी सोबत जोडा, परवाना काढलेला नसेल तर आधी काढा. सक्ती करता येत नाही ते आपणहून केलं की लोक ऐकून घेतात, माझा अनुभव आहे.

मझलचं नाव काढलं की तुमचा मुलगा म्हणतो हा अन्याय आहे. त्याला सांगा, मळणीच्या वेळी बैलाच्या तोंडाला मुसकं बांधतात, गरीब बैलालाही वेसण असते, त्यात बैलाचा अपमान झाला असं कोणी शेतकरी म्हणत नाही. फक्त मझल नीट घ्या. कापडी नळीसारखं मिळतं, तोंड आवळून टाकणारं, ते नको, कुत्र्याला घाम येत नाही आपल्यासारखा, तो धापा टाकूनच अंग थंड करतो, पुण्याच्या मे महिन्यात तोंड आवळलं तर उष्माघात होईल. जाळीचं, टोपलीसारखं घ्या, आत तोंड पूर्ण उघडता आलं पाहिजे, पाणी पिता आलं पाहिजे. आणि पहिल्या दिवशी बांधून मोकळं व्हायचं नाही. टोपलीच्या आत तळाला चमचाभर घट्ट दही फासायचं, हातात धरायची, त्याने आपणहून तोंड घालून चाटायचं, झालं, काढून घ्यायची. असं दिवसातून पाच-सहा वेळा, चार-पाच दिवस. मग चाटत असताना पट्टा मानेमागे नुसता टेकवायचा, मग एक सेकंद लावायचा, मग दहा. साधारण दोन आठवड्यांत कुत्रा मझल दिसली की धावत येतो. तोवर त्याला फिरायला नेतानाची वेळ आणि जागा अशीच निवडायची की कोणी भेटणारच नाही, आणि अंतर ठेवायचं.

व्हेटकडे पूर्ण तपासणी करून घ्या, कानाचं इन्फेक्शन, सांध्याचं दुखणं, थायरॉइड, दुखत असलेला कुत्रा लवकर चिडतो आणि हे बऱ्याचदा कोणी बघतच नाही. नसबंदी झालेली नसेल तर करा, त्याने स्वभाव बदलेल ही आशा न धरता, निदान पिल्लं तरी होणार नाहीत. ट्रेनर निवडताना जो पहिल्याच भेटीत 'दाखवतो याला बॉस कोण' म्हणून साखळी खेचतो त्याला तिथूनच परत पाठवा, जो आधी तासभर नुसते प्रश्न विचारतो तो ठेवा. घरात दारापाशी जाळीचं गेट लावा, बेल वाजली की ब्रुनो आतल्या खोलीत, मग दार. पाहुण्यांचं लहान मूल आलं तर ब्रुनो आणि ते मूल एका खोलीत नाहीत, मोठं माणूस समोर बसलेलं असलं तरी नाहीत. काही विमा कंपन्यांच्या पेट पॉलिसीत थर्ड पार्टी कव्हर असतं, म्हणजे कुत्र्याने दुसऱ्या कोणाला इजा केली तर त्याची भरपाई, तेही बघा, फक्त जात लपवू नका.

आता मुख्य. माझं मत विचारलंत तर मुलगा गेल्यावर तुम्ही दोघांनी ब्रुनोला एकट्याने सांभाळू नये. माया कमी पडते म्हणून नाही, तुमच्या गुडघ्यात आणि मिस्टरांच्या छातीत ती ताकद नाही म्हणून. मग दोनच वाटा राहतात. एक तर मुलाने जाणं पुढे ढकलायचं आणि ब्रुनोचं काम स्वतः पूर्ण करायचं, किंवा जुलैअखेरपर्यंत त्याने स्वतः ब्रुनोसाठी घर शोधायचं, स्वतः, तुम्ही नाही. असं घर जिथे सगळे मोठे आहेत, लहान मूल किंवा दुसरा कुत्रा नाही, ज्यांनी असे ताकदवान कुत्रे आधी सांभाळलेत. आणि लिफ्टमधला प्रसंग त्यांना सांगायचाच, लेखी, फोटोसकट. सांगितलं तर कोणी घेणार नाही ही भीती असेल, पण न सांगता दिला आणि तिथे कोणाला चावला तर ते कोणाच्या माथी? ऑनलाइन जाहिरात टाकून पहिल्या येईल त्याला द्यायचा नाही, बुली फुकट मिळतोय म्हटल्यावर ब्रीडिंगवाले आणि झुंजी लावणारे टपून असतात. रस्त्यावर सोडून देणं तर गुन्हाच आहे. आणि नीट तपासून, ट्रेनिंग करूनही व्हेट आणि ट्रेनर दोघंही म्हणाले की हा कुत्रा माणसांत सुरक्षित राहू शकत नाही, तर मुलाच्या मांडीवर डोकं ठेवून, इंजेक्शनने शांतपणे जाणं हे साखळीवरच्या दहा वर्षांपेक्षा कमी क्रूर आहे. ब्रुनोचं तिथवर आलंय असं मला पत्रावरून अजिबात वाटत नाही, पण ही शक्यता घरात मोठ्याने बोलली गेली पाहिजे.

मुलगा दुरावेल म्हणता. तुम्ही त्याच्याकडून ब्रुनो हिसकावून घेत नाही आहात, तुम्ही त्याला त्याचाच कुत्रा परत देताय, कामासकट. दोन वर्षं खाणं, व्हेटची बिलं, शेजाऱ्यांची बोलणी हे सगळं तुम्ही उचललंत आणि त्याच्या वाट्याला रील्स आणि पळणं आलं. तो रागावेल, बहुतेक आठवडाभर बोलणारही नाही.

आणि जे वाचक आत्ता असं पिल्लू घ्यायच्या विचारात आहेत त्यांना एवढंच विचारते, तुम्ही आजारी पडलात तर त्याला खाली कोण नेईल, त्या माणसाचं नाव घ्या. नाव आलं नाही तर घेऊ नका. आलं, तरी २०१७ च्या नियमांप्रमाणे ब्रीडर नोंदणीकृत पाहिजे, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, आणि कान कापलेलं पिल्लू समोर आलं तर तिथून उठून या.

ताई, मझलची सवय झाली की एक करा. रविवारी पहाटे, पार्किंग रिकामं असताना, ब्रुनोला मझल घालून एक पट्टा मुलाच्या हातात आणि दुसरा तुमच्या हातात घ्या. मनगटाला गुंडाळायचा नाही, नुसता मुठीत धरायचा. तुमच्या पार्किंगमध्ये मांजरं असतातच, एखादं गाडीखालून निघेल. तेव्हा तुमच्या खांद्याला आणि गुडघ्याला काय जाणवलं ते मुलाला तिथेच उभ्या उभ्या सांगा, वर घरी येऊन नाही. आणि मग जुलैअखेरची तारीख त्याच्या फोनमध्ये त्याच्याच हाताने टाकून घ्या.